नव्या सालाची पत्रं

आईनं फोन कानापासून हातभर लांब धरला, लेकीलाही ती धून ऐकू यावी म्हणून.

"ऐक. बारा मिनिटं झाली. अजून दोनदा वाजली तर मला गाता येईल."

तिच्या मांडीवर ताटली होती आणि ताटलीत मटारच्या शेंगा. एका हातानं शेंग नीट सोलता येत नाही. अंगठ्यानं शिवण दाबली की चार दाणे ताटलीत पडत आणि पाचवा टुणकन फरशीवर. लेक समोरच्या खुर्चीत एका पुस्तकाची मुद्रितं तपासत बसली होती, आणि घरंगळत आलेले दाणे न बघताच पायानं थोपवत होती. डिसेंबरची एकतीस तारीख, दुपारचा एक वाजून गेलेला.

"ठेव की फोन," ती मान वर न करता म्हणाली. "तुझी नोकरी संपून दोन महिने झाले."

"माझी नोकरी संपली. पत्रं यायची थांबली का?"

आईची नोकरी एका मोठ्या रुग्णालयात झाली, एकतीस वर्षं. आधी टंकलेखन, मग टेलिफोनचा बोर्ड, आणि ईमेल आली तेव्हा ते यंत्र सांभाळायला कुणी तयार होईना म्हणून तेही तिच्याच गळ्यात. जिन्याखालच्या खोलीत ती आणि ते यंत्र. सगळे तिला टपालबाई म्हणायचे. हजेरीपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव तिथं कुठं उरलं नव्हतं. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र, अगदी आतल्या आत फिरणारंही, आधी एका गाळणीतून जाई. लॉटरी लागल्याचं सांगणारे, ताकदीच्या गोळ्या विकणारे, बँकेचं सोंग घेणारे, असल्यांना बाजूला काढून चांगलं तेवढं पुढे सोडणारा तो प्रोग्राम. लबाड रोज नवं सोंग घेतो म्हणून गाळणीलाही सतत नवे नियम लागतात, आणि ते आई दर गुरुवारी दुपारी दोन वाजता बसवत असे. लेकीच्या पदवीदान समारंभालाही ती दोन वाजून गेल्यावरच आली होती. तो गुरुवार होता.

धून थांबली. आईनं शेंग खाली ठेवली आणि पाठ सरळ केली, जणू पलीकडच्याला ती दिसत होती.

"नमस्कार साहेब, मी बोलतेय. हो, तीच. नाही, माझं काही काम नाही तुमच्याकडे. तुमचंच आहे. गाळणीचे नियम दोन महिन्यांत कुणी बदललेले नाहीत. कसं कळलं म्हणजे? तुमच्याकडून आलेल्या पत्राच्या माथ्यावरच असतं ते, बघणाऱ्याला दिसतं. बरं, ऐका. जुन्यात एक नियम आहे. पत्रावर फार पुढच्या सालाची तारीख असेल तर ते लबाडाचं समजायचं. लिहिला तेव्हा ते साल लांब होतं हो. आता ते उद्यावर आलंय. उद्यापासून तुमच्याकडे येणारं प्रत्येक पत्र..."

ती थांबली. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोललं. "हं," आई म्हणाली. मग "बरं." मग "ठेवते."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई, आता आराम करा. नातवंडं खेळवा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"उद्यापर्यंत एखादं जमतंय का बघ," आई म्हणाली. "साहेबांचा हुकूम आहे."

लेकीला हसू फुटलं, पण हसता हसताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आराम करा? ज्याला वायर कुठं खुपसायची ते कळत नाही, तो तुला आराम शिकवतो? एकतीस वर्षांनी निरोप दिला तो चहाच्या सुट्टीत. तुझी ईमेलची पेटी त्याच संध्याकाळी बंद केली. आणि तुझ्या जागी आणलं कुणाला, तर ठेकेदाराला."

"अगं, रक्तदाब माझा आहे आणि वाढतोय तुझा."

"तुला राग कसा येत नाही?"

"येतो ना. पण रागावून पत्र पोचत नाही." आईनं ताटली बाजूला ठेवली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली. उठताना एक क्षण तशीच थांबली. आठवडाभर पायात त्राण नसल्यासारखं वाटत होतं तिला. जिना चढताना पाय मेणाचे होतात, म्हणायची. रुग्णालयातल्या जुन्या डॉक्टरांनी उद्या सकाळी तपासणीसाठी रक्त देऊन यायला सांगितलं होतं. "चल, पानं घे. भूक लागलीय."

त्यानंतर त्या दुपारी काय झालं, असं मावशीनं पुढे कधीतरी विचारलं तेव्हा लेकीनं "जेवलो" एवढंच सांगितलं.

एक तारखेला सकाळी आई रक्त देऊन आली. दोन तारखेला, सव्वादहाच्या सुमारास, गॅलरीत कपडे वाळत घालताना ती खाली बसली. बसली असंच लेकीला आतून वाटलं. बाहेर आली तेव्हा आईच्या दातात कपड्यांचा चिमटा तसाच होता आणि उशीची ओली खोळ अर्धी दोरीवर, अर्धी तिच्या खांद्यावर.

*

सहा तारखेला जुने डॉक्टर घरी आले. जिना चढून दमले होते, पण बसले नाहीत. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी तो लेकीच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

"हे मला आज मिळालं," ते म्हणाले. "प्रयोगशाळेनं पाठवलं होतं एक तारखेला, संध्याकाळी पाच वाजता. रद्दीत पडलं होतं. नुसतं हेच नाही. चार दिवसांतली चौदाशे पत्रं."

कागदावर एका आकड्याखाली दोन रेघा होत्या. रक्तातलं पोटॅशियम, सात पूर्णांक चार.

"याचा अर्थ काय?"

"इतकं वाढलं की हृदय कधीही थांबतं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी वाढलं असणार. मीच दिलेल्या." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "पूर्वी असा आकडा आला की प्रयोगशाळेतला माणूस फोन करायचा. मध्यरात्री असो, जेवताना असो. गेल्या वर्षी परिपत्रक निघालं, ईमेल तात्काळ जाते, फोन बंद."

"आणि एक तारखेला संध्याकाळी तुम्हाला मिळालं असतं तर?"

"भरती केलं असतं. सकाळपर्यंत उतरवता आलं असतं." ते दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "बहुधा. मी खोटं बोलणार नाही. बहुधा."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आईची धाकटी बहीण, तोंडाची फटकळ, बहीण गेल्यापासून इथंच मुक्कामाला होती. डॉक्टरांची पावलं जिन्यावर विरली तशी ती म्हणाली, "मेल्यांनी मारलं माझ्या बहिणीला. आणि तिनं सांगितलेलं असताना मारलं."

लेकीला ओरडता येत नसे, लहानपणापासूनच नाही. ती लिहायची. त्याच दिवशी तिनं पहिलं पत्र लिहिलं, कागदावर, पोचपावतीसह. तिला भरपाई नको होती, सांत्वन तर नकोच होतं. एक कागद हवा होता, सहीशिक्क्याचा. अमुक तारखेला अमुक वाजता आमच्या माजी कर्मचारी बाईंनी आम्हाला फोनवरून सावध केलं होतं, आम्ही ऐकलं नाही, त्यामुळे पत्र अडकलं. बस.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं ते शोकसंदेशाच्या रूपात. आपल्या मातोश्री आमच्या परिवाराच्या सदस्य होत्या, वगैरे. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं: 'तांत्रिक कारणास्तव सदर ईमेल अपेक्षित ठिकाणी पोहोचू शकला नाही. याबद्दल खेद वाटतो.'

तिनं ते मावशीला वाचून दाखवलं.

"खेद वाटतो?" मावशी म्हणाली. "कुणाला वाटतो? टेबलाला?"

लेकीनं दप्तरातलं तांबडं पेन काढलं. दिवसभर लोकांच्या चुका काढणं हा तिचा धंदाच होता, पण इतक्या दाबून तिनं कधी खूण केली नव्हती. तांत्रिक कारणाखाली रेघ. अपेक्षित ठिकाणाखाली रेघ. समासात लिहिलं, 'कुठलं कारण? कुणाचं काम होतं?' आणि चौथ्या पत्रासोबत तोच कागद परत पाठवून दिला.

आईच्या कपाटात तिला कामाच्या हस्तांतराची यादी सापडली. आईनं नोकरीच्या शेवटच्या दिवशी ठेकेदाराला दिली होती तिची नक्कल, खाली दोघांच्या सह्या. सतरा कलमं, आईच्या गोल अक्षरात. कलम तीन: नियम दर गुरुवारी. कलम चार: नव्या वर्षाआधी तारखेचा नियम बदललेला आहे ना, डोळ्यांनी बघून घेणे. कलम सतरा: यंत्रात शिरायची माझी चावी बंद करणे. लेक भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभी राहिली आणि बोटानं गुरुवार मोजले. ऑक्टोबरच्या अखेरीपासून वर्ष संपेपर्यंत नऊ. नऊ वेळा दोन वाजले आणि त्या खोलीत कुणी गेलं नाही.

"नऊ गुरुवार, मावशी," ती म्हणाली.

"मग घे त्यांचा गळा धरून. बोल एकदा तोंड उघडून. तुझी आई बोलत नव्हती, तू बोलत नाहीस, घराण्यात बोलणारी मी एकटीच का?" मग तिच्याकडे निरखून बघत मावशी म्हणाली, "काय गं, आताशा आईचं नाव काढलं की तू उठून भांडी का घासायला लागतेस? घासलेलीच आहेत ती."

लेकीनं नळ बंद केला नाही.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रशासकांनी तिला बोलावलं. चौथं पत्र विश्वस्तांपैकी कुणीतरी वाचलं होतं म्हणे.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. काचेचं लांब टेबल, भिंतीवर गुणवत्तेची प्रमाणपत्रं ओळीनं, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि त्याच्या पानांवर खरीखुरी धूळ. प्रशासक पन्नाशीचे, इस्त्रीच्या कडांचे. त्यांच्या उजव्या हाताला ठेकेदार कंपनीचा माणूस. डोक्यावरचे केस विरळ झालेला, लॅपटॉपची बिजागरी चिकटपट्टीनं बांधलेला. टेबलाच्या टोकाला एक लघुलेखिका इतिवृत्त टंकत बसली होती. तिनं लेकीकडे बघून मान किंचित हलवली. आई गेली तेव्हा घरी आलेल्या बायकांत ती होती.

"आधी हे सांगतो," प्रशासक म्हणाले, "की बाई आम्हा सगळ्यांना आईसारख्या होत्या."

"मला त्या आईच होत्या," लेक म्हणाली. "आपण पुढे जाऊ या."

लघुलेखिकेचा हात थबकला आणि पुन्हा चालू लागला.

"फोनचं म्हणाल तर, खरं सांगतो, मला आठवत नाही. बाई काय, बऱ्याच गोष्टींसाठी फोन करायच्या."

"किती वेळा केले?"

"आता ते कसं..."

"नोकरी सुटल्यावर एकदा. ही फोन कंपनीची यादी. एकतीस डिसेंबर, एक वाजून तीन मिनिटांनी, अठरा मिनिटं. त्यातली चौदा तुम्ही धून ऐकवली. उरलेल्या चारांत तुम्ही तिला नातवंडं खेळवायला सांगितलीत."

प्रशासकांनी यादीला हात लावला नाही. "बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो काहीतरी."

"म्हणतो. ही सतरा कलमांची यादी, खाली यांची सही आहे." तिनं ठेकेदाराच्या माणसाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. "कलम तीन, दर गुरुवारी. मी नऊ मोजले. आमच्या घरी दूध नासलं तरी कुणामुळे नासलं ते आम्ही विचारतो. इथं बाई गेली, आणि तुमच्या पत्रात काय, तर तांत्रिक कारण. कारणाला पाय फुटले होते का? ते आपणहून आलं?"

तिचा आवाज चढला होता. तिला स्वतःलाच तो परका वाटला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. पण थांबवत नव्हता.

"तुम्ही माणूस बदलला, बदला. ठेकेदार आणला, आणा. पण आठवड्यातून दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटं! ती तुम्हाला फुकट सांगत होती, कुठं काय बिघडणार ते, कधी बिघडणार ते, तारखेनिशी. आणि तुम्ही तिला म्हातारी बडबडते म्हणून..." तिनं ओठ मिटले. मग ठेकेदाराच्या माणसाकडे वळून शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "तुम्ही सांगा. हे काय ते तुम्हाला कळतं. त्या यंत्रावर नवे नियम शेवटचे कधी आणले गेले? चार जानेवारीच्या आधी, बोंब उठायच्या आधी."

त्यानं लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"सांगा की," प्रशासक म्हणाले. "लपवण्यासारखं काय आहे?"

"एकतीस डिसेंबर," तो म्हणाला. "दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

"बघा!" प्रशासकांनी तळहात टेबलावर आपटला. "म्हणजे आम्ही केलं होतं. मी म्हणत नव्हतो?"

"आपण नाही, साहेब."

"मग?"

"बाईंच्या चावीनं झालंय. ती आम्ही बंद केली नव्हती." त्यानं पडद्याकडे बघतच पुढचं सांगितलं, पाठ केल्यासारखं, बहुधा अनेकदा मनाशी म्हणून झालं होतं. "त्या घरून आत आल्या. नवे नियम उतरवले. त्यांच्याकडे जुन्या पत्रांचे दोन गठ्ठे होते, एक चांगल्यांचा, एक लबाडांचा. नवे नियम आधी त्या गठ्ठ्यांवर चालवून बघायच्या, मगच वापरायच्या. तेही केलं. सगळं बरोबर आलं. आता फक्त गाळणी एकदा थांबवून पुन्हा सुरू करायची राहिली होती. चालू असते तोवर ती जुनेच नियम डोक्यात धरून बसते हो. नवे शेजारी आणून ठेवले तरी बघत नाही. बंद करून उठवली की मग नवे वाचते. एका ओळीचं काम. त्या सात मिनिटं तशाच आत होत्या. काही केलं नाही. मग बाहेर पडल्या."

प्लास्टिकच्या झाडामागे वातानुकूलन यंत्र घरघरत होतं.

"मी हे कुणाला दाखवलं नव्हतं," तो म्हणाला. "वाटलं, गेलेल्या माणसाच्या नावावर कशाला. पण तुम्ही सरळ विचारलंत. दीड महिना मी हाच विचार करतोय. आमच्या चुका आहेतच. नऊ काय, दहावाही गुरुवार गेला असता. पण बाई असं अर्ध्यात काम सोडणाऱ्या नव्हत्या. काय झालं असेल त्या सात मिनिटांत?"

लेकीचे दोन्ही हात टेबलाच्या काचेवर होते. तिनं ते उचलून मांडीवर घेतले. काचेवर दोन ओले ठसे राहिले.

प्रशासक खुर्चीत मागे रेलले. खोलीत आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले होते.

"म्हणजे असं," ते म्हणाले, "निवृत्त कर्मचारी, कुणालाही न विचारता, रुग्णालयाच्या यंत्रात शिरते. अर्धवट काहीतरी करते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवसापासून गोंधळ. आणि आम्ही लिहून द्यायचं की चूक आमची?"

"साहेब, त्या आल्या नसत्या तरी गोंधळ झालाच असता," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "त्यांच्यामुळे काही बिघडलं नाही."

"ते तज्ज्ञ ठरवतील. तुम्ही गप्प बसा." प्रशासक लघुलेखिकेकडे वळले. "घ्या हो. माजी कर्मचारी यांनी अनधिकृतपणे केलेल्या व निष्काळजीपणे अर्धवट सोडलेल्या कामामुळे..."

कळा वाजू लागल्या. पाच-सात वाजल्या आणि थांबल्या. लघुलेखिका हात मांडीवर घेऊन बसली.

"घ्या ना."

"ऐकू नाही आलं, साहेब," ती म्हणाली. तिला ऐकू आलेलं सगळ्यांना माहीत होतं.

प्रशासकांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि मग लेकीच्या दिशेनं पुढे झुकले. आवाज एकदम घरगुती केला. "हे बघा, ताई. मलाही हे लिहायला बरं वाटत नाही. बाईंचं नाव इथं अजून लोक घेतात. आपण असं करू. तुम्ही अर्ज मागे घ्या, आणि हा दोन वाजून दहा मिनिटांचा विषय या खोलीच्या बाहेर जाणार नाही. मीही विसरलो, तुम्हीही विसरा. आईचं नाव स्वच्छ राहील. तुम्हाला तेच हवंय ना?"

सोपं होतं. अगदी सोपं. अर्ज मागे घेतला म्हणजे हे इथंच बुजलं. मावशीला सांगता आलं असतं, दाद लागत नाही, मोठ्यांशी कोण भांडणार. मावशीनं दोन शिव्या हासडल्या असत्या, त्यांच्या नावानं. जुन्या डॉक्टरांनी मान हलवली असती. ठेकेदाराचा माणूस आणखी काही महिने विचार करत राहिला असता, आणि मग त्यानंही सोडून दिलं असतं.

लेकीनं समोरची फोनची यादी उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडून टेबलावर ठेवली. पाणी समोर होतं, घेतलं नाही.

"अर्ज मागे घेणार नाही," ती म्हणाली. "नऊ गुरुवार लिहायचे. फोन लिहायचा, वेळेसकट. बंद न केलेली चावी लिहायची. परिपत्रक लिहायचं. यातलं काहीही कमी होणार नाही." ती लघुलेखिकेकडे वळली. "आणि निष्काळजीपणा हा शब्द टंकला असेल तर खोडा, बाई. त्याच्या जागी मी सांगते ते घ्या. माझं नाव घालून घ्या."

लघुलेखिकेनं हात कळांवर ठेवले.

"जेवण झाल्यावर आई टेबलाशी बसली. मी शेजारी होते. सगळं करून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, 'एवढं एकच बटण राहिलंय. पण दुसऱ्याच्या घरात चोरासारखं शिरल्यागत वाटतंय गं. दाबू का?' तिनं तिच्या कामातलं मला कधीच काही विचारलेलं नव्हतं. तेवढं एकदाच विचारलं, आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत बसली." तिचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. टेबलाच्या टोकाला नीट ऐकू जावं म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "मी म्हणाले, 'नको दाबूस. हाकललं ना त्यांनी तुला? भोगू देत.'"